रॅप्टर ७०० : बिग रेडसाठी पुढचा एक दात कमी करावा का? (वाळू, दगडी वाडी आणि सपाट रान)

शारजाकर

नमस्कार मंडळी. मी मूळचा साताऱ्याचा, गेली नऊ वर्षं शारजात आहे. दीड वर्षापूर्वी एक जुनी यामाहा रॅप्टर ७०० (चार चाकांची क्वाड) घेतली. चेन-स्प्रॉकेट (स्प्रॉकेट म्हणजे चेनचं दातेरी चक्र) कंपनीच्या मापाचंच आहे, पुढे १४ दात, मागे ३८. मागचे टायर २० इंची, साध्या गुट्ट्यांचे. पॅडल टायर (वाळूसाठीचे, फावड्यासारख्या पट्ट्यांचे) अजून घेतलेले नाहीत. माझं वजन ९२ किलो, हेल्मेट, बूट आणि पाण्याची पिशवी धरली की शंभर होतं.

अडचण अशी आहे की दुबई-हत्ता रस्त्यावरच्या बिग रेड या वाळूच्या टेकडीचा मोठा चढ मला पूर्ण होत नाही. खालून दुसऱ्या गिअरमध्ये जोरात येतो, निम्म्या चढावर दुसरा संपतो, इंजिन नुसतं किंचाळतं. तिसरा टाकला की गाडी दम टाकते, परत दुसरा टाकेपर्यंत वेग गेलेला असतो आणि मागची चाकं रुततात. मग गाडी वळवून खाली. परवा वळवताना जवळजवळ आडवी झाली होती, तेव्हापासून धास्ती बसली आहे.

दुसरीकडे, थंडीत आम्ही तिघं-चौघं हत्ताच्या बाजूच्या दगडी वाडीत जातो. (नवीन वाचकांसाठी: इथे वाडी म्हणजे कोरड्या ओढ्याचं पात्र.) तिथे पहिल्या गिअरमध्येसुद्धा गाडी मला हवी त्यापेक्षा जोरात चालते. सारखा क्लच दाबून चालवावं लागतं, तासाभरात डावा हात भरून येतो.

सोबतचे म्हणतात पुढे १३ टाक. गॅरेजवाला म्हणतो मागे ४१ टाक. एक जण तर पुढे १५ टाक म्हणतो, वाळूत चाकाचा वेग लागतो म्हणून. तिघंही माझ्यापेक्षा चांगले चालवतात, त्यामुळे कुणाचं ऐकावं कळेना. ज्यांनी प्रत्यक्ष बदलून पाहिलं आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

जुनी_चेन

शारजाकर, मी २२ वर्षं मस्कतला गॅरेजात होतो, आता कोल्हापूरला असतो. दाताला हात लावायच्या आधी तीन गोष्टी तपासा.

पहिली, एअर फिल्टर. तिथली वाळू पिठासारखी असते. फिल्टर अर्धा भरला तरी सपाटीवर काही कळत नाही, चढावर पूर्ण ताकद मागितली की लगेच कळतं. दुसरी, क्लच प्लेट. तिसऱ्यात दम टाकते म्हणता तेव्हा आवाज वाढून वेग पडतो की आवाज आणि वेग दोन्ही पडतात? आवाज वाढत असेल आणि चाकं जागच्या जागी फिरत नसतील, तर क्लच घसरतोय. तिथे १३ टाकून थोडा आराम वाटेल, पण प्लेटा जळायच्या थांबणार नाहीत. तिसरी, टायरची हवा. तुमच्या गाडीला मुळातच ४-५ पीएसआय लागते. पेट्रोल पंपावरच्या मीटरवर ती नीट दिसतही नाही. कमी दाबाचा वेगळा मीटर घ्या.

हे सगळं ठीक असेल तर पुढचं वाचा, कारण यात बहुतेकांचा घोळ होतो. स्प्रॉकेट बदलून दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमधली दरी कमी होत नाही. ती गिअरबॉक्सच्या आत ठरलेली आहे, बाहेरून तिला हात लागत नाही. १३ टाकलं की पाचही गिअर एकदम, सारख्या प्रमाणात आखूड होतात. म्हणून प्रश्न असा विचारायचा: तो चढ ज्या वेगाने चढता येतो, त्या वेगाला माझा कुठला गिअर बरोबर बसतो? तुमच्या बाबतीत दुसरा त्या वेगाला संपलेला आहे आणि तिसरा अजून जागा झालेला नाही. तुम्ही बरोबर दरीत अडकला आहात. १३ घातलं तर दुसरा आणखी लवकर संपेल, पण तिसरा त्याच वेगाला जागा असेल. म्हणजे चढ तिसऱ्यात चढायचा, आणि तिसरा चढाच्या पायथ्याशीच टाकायचा.

उलट एखाद्याचा दुसरा शिखराच्या दहा-पंधरा मीटर आधी संपत असेल, तर त्याला १५ घालून दुसराच लांबवणं सोयीचं पडतं. तुमचा तो १५ सांगणारा मित्र वजनाने हलका असेल किंवा त्याच्या गाडीच्या इंजिनाची ताकद वाढवलेली असेल. त्याचं त्याच्यापुरतं बरोबर असणार.

वऱ्हाडी_कॅलिफोर्निया

जुनी_चेन काकांनी मुद्द्याचं लिहिलंय. माझा अनुभव ग्लॅमिसचा आहे, कॅलिफोर्नियाच्या दक्षिण टोकाची वाळू. माझ्याकडे आधी होंडा ४००ईएक्स होती. एअरकूल्ड, ३९७ सीसी, मूळचं १५/३८. त्या गाडीला वाळूत पॅडल टायर घातले की १५ दात अजिबात झेपायचे नाहीत. पॅडल टायर चाक घसरू देत नाही, वाळू फावड्यासारखी मागे ओढतो, आणि हे सगळं ओझं इंजिनावर येतं. साध्या टायरवर चाक थोडं घसरतं, त्यात इंजिनाला श्वास घ्यायला जागा मिळते. पुढे १४ घातलं आणि तिथल्या ओल्ड्समोबाइल हिल या मोठ्या चढावर पहिल्यांदा न थांबता वर गेलो, तो दिवस अजून आठवतो.

पण आता माझ्याकडेही रॅप्टर ७०० आहे आणि तिला मी १४/३८ वरच ठेवलंय, तेही पॅडलवर. ६८६ सीसीचं एकच सिलिंडर आहे, खालून ओढ भरपूर. १३ घालून एक मोसम चालवली. उभ्या चढावर दुसऱ्यात पुढची चाकं इतकी उठायची की अर्धं लक्ष पुढे झुकण्यातच जायचं. उभ्या चढावर गाडी मागे उलटणं हा क्वाडवरचा सगळ्यात वाईट अपघात, कारण गाडी अंगावर येते. त्यामुळे शारजाकर, माझं मत काकांपेक्षा थोडं वेगळं आहे. आधी पॅडल टायर घ्या, मग दातांचं बघा. कदाचित गरजच पडणार नाही.

जुनी_चेन

वऱ्हाडी, तुमचं पॅडलचं पटतं. पण शारजाकरांना त्याच गाडीने वाडीतही जायचं आहे. पॅडल दगडावर तासाभरात फाटतील. दर वेळी चाकं बदलायची तर रिमचा दुसरा जोड हवा. आणि तुमचं वजन किती? त्यांचं शंभर आहे.

वऱ्हाडी_कॅलिफोर्निया

७१ किलो. बरोबर आहे काका, हा फरक मी धरलाच नव्हता. माझ्या जागी ते बसले की गाडीवर पाव क्विंटलहून जास्त ओझं वाढतं.

यंत्रवेडी

आकडे मांडते, म्हणजे निवड सोपी होईल. मागचे दात भागिले पुढचे दात हा भागाकार जितका मोठा, तितकी ओढ जास्त आणि वेग कमी.

१४/३८ म्हणजे २.७१
१३/३८ म्हणजे २.९२ (ओढ सुमारे ७.७ टक्के जास्त)
१४/४१ म्हणजे २.९३ (जवळपास तेच)
१४/४० म्हणजे २.८६ (५.३ टक्के जास्त)
१५/३८ म्हणजे २.५३ (६.७ टक्के कमी)

थोडक्यात, पुढचा एक दात हा मागच्या पावणेतीन ते तीन दातांच्या तोडीचा. तुमचे मित्र १३ सांगतायत आणि गॅरेजवाला ४१, पण दोघं एकच गोष्ट सांगतायत! चढावर ज्या वेगाला तिसऱ्यात इंजिन ५००० फेऱ्यांवर होतं, त्याच वेगाला ते आता ५४०० च्या जवळ असेल. पूर्वी ज्या फेऱ्यांवर ६० चा वेग मिळायचा, तिथे आता पावणेछप्पन्न मिळेल.

मग १३ की ४१? तुम्हाला दगडात जायचंय म्हणून मी १३ म्हणेन. ५२० चेनवर ३८ दातांच्या चक्राची त्रिज्या साधारण ९६ मिलिमीटर भरते, ४१ ची १०४ च्या आसपास. म्हणजे आधीच खाली लोंबणारं चक्र आणखी ८ मिलिमीटर दगडाजवळ जातं. शिवाय ४१ ला बहुधा चेन लांब घ्यावी लागेल, कारण दर वाढीव दातामागे अॅक्सल साधारण ४ मिलिमीटर पुढे सरकवावा लागतो, तीन दातांना १२. पुढचा एक दात कमी केला तर अॅक्सल फक्त ४ मिलिमीटर मागे जाईल, तेवढी जागा बहुतेक असते.

१३ चं नुकसानही सांगते. छोट्या चक्रावर चेन जास्त तीव्र वळते, कड्या लवकर झिजतात, स्विंगआर्मवरची (मागची चाकं धरणाऱ्या दांड्यावरची) प्लास्टिकची पट्टीही जास्त घासली जाते. १२ च्या वाटेला तर जाऊच नका. एक फायदा असा की १४ सम आहे आणि चेनच्या कड्यांची संख्याही समच असते. १३ विषम आहे, त्यामुळे पुढच्या चक्राचा प्रत्येक दात आळीपाळीने चेनच्या आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही कड्यांना भेटतो आणि त्या चक्राची झीज सारखी पसरते.

आणि टायर विसरू नका. उद्या २२ इंची टायर टाकलेत तर गाडी आपोआप १० टक्के लांब गिअरिंगवर जाईल. तेव्हा १३/३८ ही कमी पडेल, १३/३९ ने जेमतेम आजच्या जागेवर याल.

नागावचा_दर्या

मंडळी, मी अलिबागजवळ नागावला किनाऱ्यावर क्वाड चालवायला देतो. तुमच्या ७०० सीसीपुढे माझ्या ११० सीसीच्या गाड्या खेळणीच, पण दात बदलून बदलून हात काळे झालेत म्हणून लिहितो.

ओहोटीला ओली वाळू सिमेंटसारखी घट्ट असते, तिथे मूळचे दात छान. पण गाडी वर, सुरूच्या बनाजवळच्या कोरड्या वाळूत गेली आणि मागे वडील, पुढे पोरगं असं बसलं की गाडी हलायची नाही. गाड्या ऑटोमॅटिक, गिऱ्हाईक नुसता अॅक्सिलरेटर पिळतो, आणि जळतो आमचा क्लच. पहिल्या वर्षी पाच गाड्यांचे सात क्लच गेले. मग सगळ्या गाड्यांना पुढे १५ चे १४ केले. टॉप कमी झाला, ते मला हवंच होतं, कारण किनाऱ्यावर माणसं आणि मुलं चालत असतात. पुढच्या वर्षी क्लच गेले दोन.

माझा खरा शत्रू खारं पाणी. रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने चेन धुतो, पुसतो, उन्हात नाही तर हवेत वाळवतो, मग पातळ तेल. ग्रीस कधी नाही! ग्रीसला वाळू चिकटली की ती पॉलिशपेपरचं काम करते, दोन महिन्यांत दात शार्कच्या दातांसारखे वाकडे. तपासायची सोपी पद्धत: मागच्या चक्राच्या पार मागच्या टोकाला चेन बोटाने ओढा. अर्धा दात उघडा दिसला तर चेन संपली. आणि चेन संपली की दोन्ही चक्रं सोबतच बदला. नव्या चेनवर जुने दात टाकून पैसे वाचवायला मी गेलो होतो, नवी चेन एका मोसमात गेली.

एक विनंती सगळ्यांनाच. रत्नागिरीकडे वेळास, आंजर्ल्याच्या बाजूला कासवं अंडी घालतात, थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत. तिकडे कुणी स्वतःची क्वाड नेली तर वरच्या कोरड्या वाळूत घालू नका. घरटी तिथेच, भरतीच्या रेषेच्या वर असतात.

शारजाकर

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचा पहिलाच नेम लागला. फिल्टर उघडला तर मूठभर वाळू निघाली, मागच्या मालकाने बहुधा वर्षभर हात लावला नव्हता. धुऊन, तेल लावून बसवला. क्लच ठीक आहे, आवाज आणि वेग दोन्ही सोबत पडतात.

फरक पडला, पण चढ अजून पूर्ण होत नाही. आता शेवटचे वीसेक मीटर राहतात. १३ मागवतो.

तिसऱ्या_वर्षाचा

नमस्कार. मी पुण्यात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आम्ही स्पर्धेसाठी मोटारसायकलचं १५० सीसी इंजिन वापरून क्वाड बनवतोय. गाडी २०० किलो, चालक ८०. इंजिनाचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) १३ न्यूटन-मीटर, प्रायमरी (इंजिन ते क्लचमधले गिअर) आणि पहिला गिअर मिळून साडेनऊपट. मागचा टायर २० इंची. ३० अंशांचा वाळूचा चढ जागेवरून चढायचा म्हणून आम्ही १२/५३ काढलंय. यंत्रवेडी ताई, बरोबर आहे का?

यंत्रवेडी

गणित बरोबर आहे रे, पण गृहीतक तपास. २८० किलो, ३० अंश: चढाचा विरोध सुमारे १३७० न्यूटन. वाळूत चाक फिरतानाचा विरोध लंबभाराच्या (चढाला काटकोनात पडणाऱ्या भाराच्या) पाचव्या हिश्श्याइतका धरला तर आणखी ४७५. एकूण १८५०, त्रिज्या पाव मीटर, म्हणजे अॅक्सलवर साधारण ४६० न्यूटन-मीटर. १३ पैकी ११ चाकापर्यंत पोचतात असं धरलं की ४२ पट लागतं, आणि त्यातून १२/५३ येतं. इथपर्यंत ठीक.

आता पकड बघ. १८५० भागिले चढावरचा लंबभार २३८० म्हणजे ०.७८. सुट्या वाळूत साध्या टायरला इतकी पकड मिळत नाही, त्यातून पुढच्या चाकांवरचं वजन तर ओढायच्या कामाचंच नाही. कोरडी वाळू स्वतःच ३२-३४ अंशांवर घसरायला लागते. तिथे जागेवरून निघालास तर चाक फक्त खड्डा करेल, दात कितीही असोत. असा चढ वेग घेऊनच चढायचा असतो.

जागेवरून निघण्यासाठी २० अंश धर. मग ३६५ न्यूटन-मीटर, ३३ पट, म्हणजे १३/४५. चक्र लहान, जमिनीपासून अंतर जास्त, आणि वरचे गिअरही कामाचे राहतात. ५३ दातांचं बहुतेक कापूनच घ्यावं लागलं असतं.

तिसऱ्या_वर्षाचा

ताई, पकडीचा हिशेब आमच्या सगळ्या टीममध्ये कुणीच केला नव्हता. आज रात्रीच डिझाइन बदलतो. खूप धन्यवाद.

जुनी_चेन

पोरा, चेन सरळ रेषेत येते का ते पट्टी लावून बघ. घरी बनवलेल्या गाड्यांची चेन दातांमुळे कमी आणि वाकड्या रेषेमुळे जास्त उतरते. आणि मागच्या अॅक्सलला डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) नसणार, त्यामुळे वळताना गाडी सरळ जायला बघेल. चालवणाऱ्याला आधी ते सांग.

शारजाकर

महिनाभराने लिहितोय. १३ मिळवायला वेळ लागला. एका दुकानाने रॅप्टरचंच म्हणून दुसऱ्या मॉडेलचं दिलं, शाफ्टच्या खाचांवर बसेना. परत घेतलंही नाही. दुसरं मागवलं. जुनं स्प्रॉकेट घेऊन जा आणि खाचा मोजून घ्या, ही माझी चूक इतरांनी करू नये. नटचं लॉक वॉशरही नवं घ्या, जुनं एकदा उलगडलं की पुन्हा नीट दुमडत नाही.

तपासणी मी अशी केली. चढाच्या पायथ्यापासून ६० पावलांवर एक झेंडी रोवली. एका रविवारी १४ वर तीन फेऱ्या, पुढच्या रविवारी त्याच वेळी १३ वर तीन. वेळ सारखी ठेवणं फार गरजेचं निघालं. पहाटे दवामुळे वाळू घट्ट असते, नऊनंतर तीच वाळू पिठासारखी होते. आधीच्या माझ्या निम्म्या तक्रारी उशिरा पोचल्यामुळे होत्या, हे यात कळलं.

१४ वर तिन्ही फेऱ्या शिखराच्या खाली थांबल्या. १३ वर पहिली फेरी जुन्या सवयीने दुसऱ्यात केली, दुसरा आधीपेक्षाही लवकर संपला आणि मी आधीपेक्षाही खाली थांबलो. मग काकांचं वाक्य आठवलं. दुसऱ्या फेरीत झेंडीपासून निघून पायथ्यालाच तिसरा टाकला, अॅक्सिलरेटर सोडला नाही. वर जाऊन थांबलो तेव्हा पाय थरथरत होते. तिसरी फेरीही गेली. नंतर १४ परत घालून तिसरा पायथ्याला टाकून पाहण्याची इच्छा होती, ते राहिलंय. खरं उत्तर त्यातच आहे, कारण दात आणि सवय मी एकाच वेळी बदलली.

वाडीत मात्र शंका उरली नाही. पहिल्यात गाडी चालत्या माणसाच्या वेगाच्या जवळ येते, क्लच निम्म्याने कमी लागतो. सपाट सबख्यावर (खारट, सपाट रानावर) टॉप कमी झालेला जाणवतो, पण तिथे मी ताशी ८० च्या वर जात नाही. वऱ्हाडी, तुम्ही म्हणालात तसं दुसऱ्यात पुढची चाकं उठतात. माझ्या वजनाला पुढे झुकलं की बसतात, पण माझ्या भाच्याला, ५८ किलो, मी ही गाडी चढावर दिली नाही.

वऱ्हाडी_कॅलिफोर्निया

अभिनंदन! भाच्याच्या बाबतीत अगदी योग्य केलंत. तो चालवणार असेल त्या दिवशी १४ घाला. आणि ती राहिलेली १४ ची फेरी नक्की करा, मलाही उत्सुकता आहे.

शारजाकर

केली, काल. १४ वर, पायथ्याला तिसरा. दोन फेऱ्या. पहिली शिखराच्या सात-आठ मीटर खाली थांबली, दुसरी वर पोचली, पण अगदी शेवटी इंजिन धडधडत होतं. म्हणजे माझ्या वजनाला १३ लागतं, पण निम्म्याहून जास्त चढ त्या वेळेवर टाकलेल्या तिसऱ्यानेच दिला. १३ परत बसवलंय. १४ जपून डब्यात ठेवलंय, पॅडल टायर घेतले की पुन्हा झेंडी रोवेन आणि इथेच लिहीन.

नागावचा_दर्या

डब्यात ठेवताना तेलाचा हात फिरवून ठेवा, शारजाकर. तुमच्याकडेही खारी हवा आहे.